सहाच्या पाळीला कोण?

साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात स्वीडनचे साहेब आले, तेव्हा पहिली पंचाईत झाली ती हाक मारण्याची. मला नुसतं नावाने बोलवा, असं ते म्हणाले. आम्ही त्यांच्या नावापुढे 'सर' लावून मोकळे झालो.

महिन्याभरात कुणकुण लागली की पहिली पाळी आठऐवजी सहाला सुरू होणार. माझी झोपच उडाली. मुलीला सातला शाळेत सोडणारं घरी दुसरं कुणी नाही. मला नोकरीवर पाणीच सोडावं लागलं असतं. युनियनच्या कमिटीत मी एकटी बाई. आम्ही पाच जण काळ्या फिती खिशात घालूनच मीटिंगला गेलो आणि मी तावातावाने सांगून टाकलं, आम्हाला हे मंजूर नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या देशात कामगारांशी बोलल्याशिवाय असा बदल करत नाहीत, म्हणूनच बोलावलंय, म्हणाले. ऑर्डरी वाढल्यात, मशीन दोन तास जास्त चालवायला हवं. कसं जमवायचं ते तुम्हीच सुचवा.

घोषणा, गेटसभा, सगळी तयारी होती. उत्तर मात्र कुणीच आणलं नव्हतं. मला तर त्यांचा रागच आला. साहेबाने साहेबासारखं वागावं, म्हणजे आपल्याला नीट भांडता तरी येतं. आठवड्याची मुदत मागून आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी टेबलाटेबलावर विचारत फिरले, सगळ्यांनी नको, पण आपणहून सहाला कोण येईल? नन्नाचा पाढाच ऐकायची तयारी होती. शेवटी माझ्याच शेजारी पॅकिंगला बसणारीला विचारलं. ती वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, आई मासळी विकते.

"मना सहाचीच पाली दे गो," ती म्हणाली. "आमचं घर चारलाच उठतं. दोनला सुटले तं संध्याकाली आयेबरोबर बाजारात बसीन. तिला आता एकटीला झेपत नाय."

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"इचारलं कोनी?"

आठ वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खात होतो. तिच्या डब्यातलं पापलेट मी हक्काने उचलत होते आणि युनियनवाली म्हणून मिरवतही होते. लाज वाटली मला.

पाळ्यांचा कागद मी तिच्या शेजारी बसूनच लिहिला. माझं नाव आठच्या रकान्यात. सहाच्या रकान्यात तिचं नाव पहिलं, आणि त्याखाली हो म्हणालेल्यांची आणखी दहा.