ओंडक्याखालचं मऊ शेवाळ

ससाबाई म्हणायचे तिला सगळे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पाल दिसली की बाई खुर्चीवर! अशा बाईला नोकरी मिळावी कुठे, तर जंगलात. वनसंशोधन केंद्रात बावीस वर्षं तिचं एकच काम: कुजत पडलेल्या ओंडक्यांवरचं शेवाळ चाकूने अलगद सोडवायचं, कागदी पाकिटात घालायचं, वर ओंडक्याचा नंबर टाकायचा. पण या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेवाळ बघून ती लाकडाच्या पोटातलं सांगायची. साल गळलेल्या टणक लाकडावर आधी चपटी, लाकडाला चिकटून सरपटणारी शेवाळं येतात. यकृतका म्हणतात त्यांना. ती दिसली तर खुशाल वर नाचा. पण एक बुटकं, मऊ शेवाळ पार कुजलेल्या लाकडाशिवाय उगवतच नाही. ते दिसलं की समजायचं, आतून भुसा झालाय.

नेमकं तेच परवा तिला ओढ्यावर पूल म्हणून टाकलेल्या ओंडक्याच्या खालच्या अंगाला दिसलं. वरून लोकांच्या पायांनी घासून ओंडका कसा गुळगुळीत, ठणठणीत! खाली दोन पुरुष खोल नुसते खडक. तिची धाकटी बहीण पलीकडच्या रोपवाटिकेत कामाला, रोज सकाळी नऊला त्यावरूनच जायची.

सांगावं का? पण गेल्याच महिन्यात तिने असंच एक झाड पडणार म्हणून बोंब ठोकली होती. रस्ता दोन दिवस बंद ठेवला, आणि मेलं झाड अजून उभं! केंद्रातले हसून हसून बेजार. बहीण तर भर जेवणात म्हणाली, "भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस, ताई!" पुन्हा हसं नको बाई, आधी पाकिटातला नमुना वाळू दे, मग बघू, असं ती मनाला समजावत राहिली.

आज सकाळी कामावर येताच तिने पाकीट उघडलं. शेवाळाला चिकटून आलेलं लाकूड चिमटीत धरलं आणि त्याचं पीठ झालं. घड्याळात पावणेनऊ. बाई जी धावत सुटली! चप्पल तुटली, ती वाटेतच राहिली. आज तरी हिला उशीर होऊ दे रे देवा, एवढंच तोंडात.

बहीण काठावर पोचली होती. एक पाय ओंडक्यावर.

"थांब! पाय काढ आधी!"

"आता काय, पाल दिसली?"

ससाबाईने दंड धरून तिला मागे खेचलं. मग काठावर गुडघे टेकून वाकली आणि ओंडक्याच्या खालच्या अंगात चाकू खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. तिने जरा पिळला, तसा हातभर तुकडा निखळला आणि खाली खडकांवर फुटला. आवाजसुद्धा धड झाला नाही.

बहीण काठापासून दोन पावलं मागे सरली.

"ताई, काल माझ्या छकुलीच्या बालवाडीला सुट्टी होती. तिला कडेवर घेऊन गेले मी याच्यावरून. येतानाही."

ससाबाईने चाकू खाली ठेवला.

"तुला कधी कळलं गं हे?"

आत्ताच, असं म्हटलं असतं तर बहिणीने गळ्याला मिठी घातली असती.

"परवा," ससाबाई म्हणाली.