मिठाच्या धुक्यातलं बोट

तळोज्यात नोकरी लागेपर्यंत बंदुकीच्या पोटात काय असतं याच्याशी माझा काही संबंध नव्हता. आमचा कारखाना छोटा. लोखंडावर गंज चढू नये म्हणून लेप द्यायचा, एवढंच आमचं काम. पंपाचे दांडे, ट्रकचे बोल्ट, असला माल. मी तिथली केमिस्ट. त्यामुळे रायफलच्या भागांची ट्रायल आमच्याकडे आली तेव्हा मालकांची छाती दोन इंच फुगली आणि माझ्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण फुगायचं त्यांनी आणि निस्तरायचं मी, ही आमच्याकडची जुनी वाटणी आहे.

आलेल्या तुकड्यांना बोल्ट कॅरियर म्हणतात. मुठीत मावेल एवढा पोलादाचा ठोकळा. गोळी सुटली की तो मागे धावतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि परत येताना नवी गोळी पुढे सारतो. तो अडकला की रायफल म्हणजे नुसती काठी. त्याला गंज चढता कामा नये आणि काजळी चिकटता कामा नये. त्यासाठी तीन लेपांतून एक निवडून द्यायचा होता. फॉस्फेट, म्हणजे करडा, खरखरीत, तेल धरून ठेवणारा. हार्ड क्रोम, कडक आणि चकचकीत. आणि निकेल-बोरॉन, महागडा, साबणासारखा गुळगुळीत.

माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. मागच्या सुट्टीत जेवताना तो सहज बोलून गेला होता की सरावात एकदा थंडीने त्याची रायफल अडकली. आमटी वाढायचा डाव आईच्या हातातच राहिला. "आन् समोर कोन आसता तर?" तिने विचारलं. "आई, जेव," तो म्हणाला, आणि विषय संपला. माझ्यापुरता तो संपला नाही. हे तुकडे त्याच्याच हातात जातील असं कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणाच्या तरी भावाच्या हातात जाणार होतेच. मालकांना फॉस्फेट हवं होतं, कारण ते स्वस्त आणि टाकी तयार. मी ठरवलं, मालक गेले उडत. जो टिकेल तोच लेप द्यायचा.

तुकडे आले ते नेमके खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे खंडेनवमीला घरच्यांनाही पूजेला बोलावतात. आई आली, नऊवारी नेसून, अगदी ओवे गावातल्या तिच्या माहेरच्या लग्नाला निघाल्यासारखी. यंत्रांना, टाक्यांना, पान्यांना हळदकुंकू लावून झालं. मग ती माझ्याजवळ आली.

"ह्यातला बंदुकीचा कुठला हाय, बाय?"

मी ट्रे दाखवला. तेल काढून धुतलेले, उघडे, करडे तुकडे. तिने अनामिका पाण्यात बुडवली, कुंकवात टेकवली आणि एकेका तुकड्यावर, बरोबर मध्यावर, टिळा लावला. इतरांना तिने नुसतं उरकलं होतं. इथं मात्र प्रत्येक वेळी ओठ हलत होते. रात्रभर कुंकू तसंच राहिलं. सकाळी मी ते पुसलं, तुकड्यांना तेल लावलं आणि कागदात गुंडाळून ठेवून दिले, कारण पुढच्या सूचना यायच्या होत्या.

सूचना यायला उशीर झाला. तेवढ्यात दिवाळी गेली, आणि दिवाळीनंतर आई गेली. दुपारी पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. भाऊ पोचला तो दहाव्याला. काही दिवस राहिला आणि परत गेला. मी कामावर रुजू झाले, कारण घरात बसवत नव्हतं. तोवर सूचना येऊन पडल्या होत्या.

लेप चढवायच्या आधी तुकडे आम्लात बुडवतात. मागचं काहीही शिल्लक राहत नाही. आम्ही तिन्ही लेप चढवले आणि तुकडे मिठाच्या धुक्याच्या पेटीत लटकवले. ही पेटी म्हणजे आमच्याकडची परीक्षा. आत दिवसरात्र खाऱ्या पाण्याचं धुकं सोडलेलं असतं, झाकणातून सगळं पांढुरकं दिसतं आणि आतून बारीक फुसफुस ऐकू येत राहते. खोलीत एकटं असलं की उगाच वाटतं, कुणीतरी झोपलंय.

पहिल्याच सकाळी फॉस्फेटवर तांबूस ठिपका उठला. गोल, मध्यावर. मला वाटलं, कुणीतरी उघड्या हाताने तुकडा धरला. घामाचं मीठ असंच फसवतं. मी सगळ्यांना फैलावर घेतलं, हातमोज्यांवरून भाषण ठोकलं. दुसऱ्या दिवशी फॉस्फेटच्या प्रत्येक तुकड्यावर ठिपका होता, त्याच जागी, आणि धुक्याच्या पाण्याने त्याचा ओघळ खाली आला होता. टाकीवर काम करणारा चिरनेरचा आमचा जुना कामगार झाकण धरून उभा होता. त्याने झाकण हळूच खाली ठेवलं.

"म्याडम, ह्यो गंज नाय. ह्यो टिला हाय. मी नाय बा आता हात लावनार."

मी त्याच्यावरही खेकसले. मग भिंग घेऊन बघितलं. गोल ठिपक्याला मधोमध एक कोरी आडवी चीर होती.

त्या संध्याकाळी घरी आले, पाणी प्यायला फ्रीजकडे गेले आणि हात दारावरच राहिला. दारावर आईने खंडेनवमीला लावलेलं कुंकू होतं. मी ते पुसलं नव्हतं. गोल ठिपका, मधोमध कोरी आडवी चीर. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मासे कापताना विळी तिच्या अनामिकेत घुसली होती. तेव्हापासून तिचं प्रत्येक कुंकू असं चिरलेलंच उठायचं. माझ्या कपाळावर, स्कूटरवर, भावाच्या ट्रंकेवर. मी स्वयंपाकघरातला दिवा न घालवताच झोपले.

त्या ठिपक्यांचं कारण मला माहीत होतं. ओलं कुंकू रात्रभर उघड्या पोलादावर राहिलं, पोलाद डोळ्यांना दिसणार नाही इतकं खाल्लं गेलं, आणि आम्ल काही खड्डे भरून काढत नाही. हे मी कुणालाही फळ्यावर काढून समजावलं असतं. पण सकाळी त्या खोलीचं दार ढकलताना मला भीती वाटायची, आणि ती फळ्यावरच्या आकृतीने जात नव्हती.

मग क्रोमची पाळी आली. तिथं गंज वर आला नाही. क्रोमच आतून उचललं गेलं, खालून बोट लावून कुणी ढकलावं तसं. दुसऱ्या दिवशी तो फुगवटा फुटला आणि आतून लाल टिळा दिसला, चिरेसकट.

उरलं निकेल-बोरॉन. रोज सकाळी मी झाकण उघडायची आणि आधी डोळे मिटून घ्यायची. टिळा येऊ नये असं वाटायचं, कारण जो लेप आईचं बोट वर येऊ देणार नाही तोच माझ्या भावाच्या कामाचा. आणि यावा असंही वाटायचं, कारण दुसरीकडे कुठे ती येणार होती? सगळे तुकडे मोजून परत जाणार होते, एकही ठेवून घ्यायची परवानगी नव्हती. शेवटच्या दिवसापर्यंत निकेलवर काहीच आलं नाही. मी मालकांशी भांडून रिपोर्टवर निकेल-बोरॉन लिहिलं आणि सही केली.

रविवारी भावाचा फोन आला. त्याला सगळं सांगितलं. पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता.

"म्हणजे ताई, ज्याच्यावर आई नाहीये, तोच तू आम्हाला देणार?" त्याने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला.

"आहे रे. खाली आहे. तिला वर यावं लागलं नाही, एवढंच."

"बरं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "जेवलीस का?"

त्याला मोठ्या तोंडाने सांगितलं खरं, पण सोमवारी माल बांधायच्या आधी मी निकेलचा एक तुकडा परत पेटीत लटकवला. चिरनेरवाला बघत होता.

"रिपोर्ट गेला ना, म्याडम?"

"गेला. एक दिवस राहू दे."

तो मान हलवून टाकीकडे वळला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे पाय दारातच थांबले. तो माझ्याकडे बघून एकटाच आत गेला. हात लावणार नाही म्हणणाऱ्या त्या माणसाने झाकण उचलल्याचा आवाज मी बाहेरून ऐकला.

"कोरा हाय, म्याडम," तो आतून म्हणाला.

इतकं चोख काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि मी तिथेच भिंतीला टेकून ढसाढसा रडले.