न विचारता बंद केलेलं पोर्ट

मंडळी, आज ऑफिसात परवानगी न घेता सर्व्हरचं एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, बंद केलं. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

घाटावर पूजा बुक करणाऱ्यांची नावं, गोत्रं, फोन नंबर आमच्या सर्व्हरवरच्या एका कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यातल्या डेटाबेसमध्ये आहेत. साहेब म्हणाले, "फाइल में देख लो, बाहर कुछ खुला नहीं है।" सेटिंगच्या फाइलीत काय लिहिलंय ते कशाला बघू? चालू कंटेनरचं कोणतं पोर्ट खरंच उघडं आहे ते दाखवणारी डॉकर पीएस कमांडच मारली. डेटाबेसचं पोर्ट अख्ख्या जगाला उघडं होतं. तिथल्या तिथे बंद केलं.

"किससे पूछकर?" साहेब तापले.

माझे बाबा दशाश्वमेध घाटावर पौरोहित्य करतात. एका यजमानाची गोष्ट दुसऱ्याला सांगत नाहीत. त्यांच्या मुलीने ती जगाला वाटायची?

उद्या लेखी खुलासा द्यायचाय. एकच ओळ लिहिणार आहे: उघडं कोणाला विचारून ठेवलं होतं?