पंपाजवळचा राम राम

जबलपुरात निवृत्त फौजी शोधावा लागत नाही. तो फाटकावर लिहिलेला असतो. नावाआधी हुद्दा, नावानंतर ‘रि.’, गाडीच्या काचेवर पलटणीचं चिन्ह. आमच्या मागच्या गल्लीत एका साहेबांनी कुत्र्याच्या घरालाही फौजी हिरवा रंग दिलाय. कुत्रा मात्र पक्का सिव्हिलियन, दिवसभर झोपतो. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो, पण दारावर फक्त आडनाव लावलं. फौजेत माझं काम जवानांना शिकवण्याचं. बंदुकीपेक्षा खडू जास्त हाताळला. त्याचं काय मिरवायचं?

बायको गेल्यावर मुलानं आग्रह करून अधारतालच्या या इमारतीत फ्लॅट घ्यायला लावला. लिफ्ट आहे, गार्ड आहे, कॅमेरे आहेत. मुलगा बंगळुरूहून रविवारी फोन करतो. बाकी आठवडाभर मी ‘अंकलजी’ असतो: दूधवाल्याचा, कुरिअरवाल्याचा, लिफ्टमधल्या पोरींचा. शब्द वाईट नाही. पण तो कुणालाही चालतो.

गार्ड पन्नाशीचा, शहपुऱ्याकडच्या गावचा. प्रत्येक रहिवाशाला सलूट ठोकायचा असा सोसायटीचा नियम. तो दातांच्या डॉक्टरला ठोकायचा, टाइल्सच्या ठेकेदाराला ठोकायचा, ठेकेदाराच्या गाडीत नुसता ड्रायव्हर असला तरी ठोकायचा, कारण काचा काळ्या. मी बाहेर पडलो की मात्र हात खालीच. टाचा जुळायच्या, अंग ताठ व्हायचं आणि हळू आवाजात, “राम राम, साब.”

पहिल्या दिवशी मी थबकलोच. फौजेत सलूट कमिशनवाल्या अफसराला. सुभेदाराला जवान सलूट करत नाही. सावधान होतो आणि राम राम घालतो. बाहेरच्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही.

“कैसे पहचाना?”

“चाल से, साब. मुट्ठी बंद, अंगूठा आगे.”

“और सूबेदार?”

“अफसर होते तो बोर्ड लगा होता. सिपाही होते तो इस बिल्डिंग में फ्लैट न होता.”

तो स्वतः फौजेतून नायक म्हणून निवृत्त झालेला.

बायको याच चालीवरून चिडायची. “लोक पाहून राहिले. जरा माणसासारखे चाला नं.” मी मुठी उघडायचो. कोपरा वळेपर्यंत त्या पुन्हा मिटलेल्या असायच्या. हुद्दा दारावरून काढता येतो, अंगठ्यावरून नाही.

पेपर घरपोच येत होता, तो मी बंद केला आणि रोज खाली जाऊन आणू लागलो.

एका सकाळी सेक्रेटरीनं जिन्यात गाठलं. मराठीच माणूस, मनानं चांगला, उत्साहानं धोकादायक.

“काका, तो गार्ड तुम्हाला सलूट नाही करून राहिला. मी रोज कॅमेऱ्यात पाहून राहिलो. तुम्ही पायी जाता म्हणून का? चांगला झापला त्याला.”

दुसऱ्या दिवशी खाडकन सलूट आला. हात उत्तम, नजर समोर, तोंड बंद. दातांच्या डॉक्टरला मिळतो तोच.

“राम राम बंद?” मी विचारलं.

“ऑर्डर है, साब.” ओठ न हलवता तो बोलला. “सेक्रेटरी साहब मोबाइल पर देखते हैं. पिछला गार्ड इसी में गया.”

म्हणजे मला माझा राम राम परत हवा असेल तर सेक्रेटरीला सांगणं भाग होतं की मी सुभेदार होतो. जे दारावर लिहायची लाज वाटली, ते त्याच्या सोफ्यावर बसून तोंडानं सांगितलं. तो उठून उभाच राहिला.

“अरे काका, आधी सांगायचं नं! चलो, सव्वीस जानेवारीला तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ. मेडलं लावून या.”

“मला फक्त तो सलूट नको आहे.”

“तुम्ही फारच साधे! आता तर डबल सलूट.”

संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये मी ‘कर्नल साहेब’ झालो होतो. लोकांना तेवढाच हुद्दा ठाऊक. फौजेला जन्मभर न जमलेली बढती सोसायटीनं एका दिवसात दिली.

सव्वीसला मुलाकडे जातोय असं सांगितलं आणि पडदे ओढून घरात बसलो. खाली लाउडस्पीकरवर राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा गॅसवर दूध होतं. मी ओट्यासमोर सावधान उभा राहिलो. दूध उतू जाताना समोर दिसत होतं.

त्यानंतर कधीतरी लक्षात आलं, की तळघरात पाण्याची मोटार चालवायला गार्डच जातो आणि तिथे कॅमेरा नाही. आता मी त्या वेळी खाली उतरतो. बहाणा म्हणून हातात कचऱ्याची पिशवी असते, कधी रिकामीच. मोटारीचा आवाज फार, म्हणून मला पाहिलं की तो आधी मोटार बंद करतो. मग टाचा जुळवतो.

“राम राम, साब.”

“राम राम.”

एवढंच. मग तो फाटकावर जातो, मी लिफ्टनं वर.

वरच्या मजल्यांवर सध्या तक्रार आहे की टाकी पूर्ण भरत नाही. सेक्रेटरी प्लंबर शोधून राहिलाय. मी सर्वांत वर राहतो. दुपारनंतर माझ्याही नळाला पाणी नसतं. मी तक्रार केलेली नाही.