खालची खोली सोडायची नाही

माझं दुखणं वरून दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नाही. संधिवात आहे मला. काही सकाळी बोटं अशी आखडतात की वेणी घालता येत नाही, चहाचा कप दोन्ही मनगटांत धरावा लागतो, आणि जिना नुसता बघितला तरी रडू येतं. मग एखादा आठवडा असा येतो की मीच भाकऱ्या थापते, कपडे पिळते, बाजारातून भाजी आणते. डॉक्टर म्हणतात, हा आजार असाच, कमीजास्त होत राहणार. घरचे म्हणतात, सोंग.

थोरल्या जावेला, म्हणजे आक्काला, खरं काय ते सगळ्यांत जास्त ठाऊक. वाईट दिवसांत मला साडी तिनंच नेसवली आहे, केस तिनंच विंचरले आहेत. म्हणून तर तिनं जे केलं ते माझ्या जिव्हारी लागलं.

वडगावातलं आमचं घर विणकराचं. वर खोल्या, खाली स्वयंपाकघर, मोरी, संडास आणि माझी खोली. मागच्या बाजूला यंत्रमागांचा कारखाना. खालची खोली माझ्याकडे एवढ्याचसाठी की वाईट दिवशीसुद्धा भिंत धरत धरत मला संडासापर्यंत जाता येतं. वर राहायला गेले असते तर त्यासाठीही कुणीतरी येईल म्हणून वाट बघत पडावं लागलं असतं. आक्काच्या मुलाचं लग्न ठरलं, चिकोडीची मुलगी, आणि आक्काला नव्या जोडप्यासाठी हीच खोली हवी झाली. सरळ मागितली असती तर मी सरळ नाही म्हटलं असतं. मिटलं असतं. तिनं तसं केलं नाही.

एका संध्याकाळी चहाच्या वेळी तिनं सासऱ्यांपुढं मोबाइल धरला. त्यात मी होते. गच्चीवर, पदर खोचून सांडगे घालत होते आणि हसतही होते. किती दिवसांनी वर ऊन बघितलं होतं मी!

"बघा की आप्पा, कशी टणाटण चढलीया. खालची खोली टिकावी म्हून तेवढं हात वाकडं हुत्यात."

"आप्पा, त्यो चांगला दिवस हुता," मी म्हणाले.

"चांगलं दिवस आमचंबी असत्यात. आमी सोंग करत न्हाय," आक्का म्हणाली.

आप्पांनी व्हिडिओ पुन्हा एकदा बघितला. "अमावस्येला माग बंद असत्यात. तवा हलवा तिचं सामान वरच्या खोलीत," म्हणाले. माझा नवरा शेजारीच बसला होता. तो बशीतल्या चहाकडे बघत राहिला.

त्यानंतर पडल्या पडल्या मी एकच विचार केला: हिचं पितळ उघडं कसं पाडायचं. तिच्या चहात मीठ घालण्यापासून ते लग्नात भर पंगतीत तिला बोलण्यापर्यंत सगळं मनात करून झालं. आणि नेमकी तेव्हाच बोटं आखडली. मिठाची बरणीसुद्धा उघडेना.

मागांच्या खडखडाटात वाढलेली माणसं कानानं कमी आणि डोळ्यानं जास्त ऐकतात. समोरच्याचे ओठ बघून आम्हाला बोलणं कळतं, तरी सवयीनं ओरडतो मात्र सगळे. त्यामुळं घरातली गुपितं बोलायची जागा म्हणजे चालू कारखाना. आक्का सुताच्या कांड्या भरता भरता निपाणीला दिलेल्या बहिणीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलायची. दोघी शहापूरच्या विणकराच्या मुली, त्यांना खडखडाटाची अडचण नव्हती. कामगारांना ओठ दिसू नयेत म्हणून आक्का भिंतीकडे तोंड करून बसायची. त्या भिंतीत माझ्या खोलीची खिडकी होती. जाळीची, आत अंधार, बाहेर उजेड.

अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी मी आडवी पडून तिचे ओठ बघत होते. विषय माझाच होता. सामान, खोली, नवी सून. मी भिंतीला धरून उठले. कारखान्याचा मेन स्विच माझ्याच खोलीत आहे. दांड्याला बोटांनी धरणं शक्य नव्हतं, म्हणून त्यावर कोपर टेकवलं आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबले. "अगं, दुखणं खरंच हाय तिचं," असं ओठ हलले, आणि मी सगळं अंग दांड्यावर टाकलं.

माग खाडकन गप्प झाले. आक्का झाली नाही.

"मला ठावं न्हाय व्हय? हाताला धरून संडासला मीच न्हेती की तिला! पण सोंग म्हणल्याबिगर खोली सोडंल का ती?"

आप्पा मागापाशी उभे होते. थोरले दीर होते, माझा नवरा होता, कामगार होते. गल्लीनंही ऐकलं असावं. त्या शांततेत मोबाइलमधून बहिणीचा आवाज आला, "काय झालं गं? करंट गेला व्हय?"

मी कारखान्याच्या दारात आले. "करंट न्हाय गेला. मेन मी पाडलाय."

आक्काचा चेहरा पांढराफटक पडला. मी तो पोटभर बघून घेतला. मला तिची दया आली नाही, अजूनही येत नाही. अचानक माग थांबला की त्यावरच्या साडीत आडवा पट्टा पडून ती खराब होते आणि आप्पा घर डोक्यावर घेतात. त्या दिवशी ते पट्ट्याबद्दल काही बोलले नाहीत. "ऱ्हाऊ दे तिचं सामान," एवढंच म्हणाले आणि मेन चढवायला माणूस पाठवला.

खोली राहिली. पण आनंद दुपारपर्यंतसुद्धा टिकला नाही. इतकी वर्षं मी सांगत होते, डॉक्टर सांगत होते, ते कुणाला पटलं नाही. आक्काच्या तोंडून निघालं तेव्हा ते खरं ठरलं.

संध्याकाळी नवरा चहा घेऊन आला. कप माझ्या मनगटांत नीट बसवून दिला. मग हळूच म्हणाला, "मला पयल्यापासनं ठावं हुतं गं, तू खरं बोलतीस."

आक्का निदान खोलीसाठी खोटं बोलली होती. हा कशासाठी गप्प बसला होता?

"वर माझ्यासाठी खोली रिकामी केलीया न्हवं?" मी म्हणाले. "तुम्ही झोपा जावा तिथं."

मी हसेन म्हणून तो जरा वेळ थांबला. मग वाकला. माझी बोटं वळत नव्हती, त्यामुळं त्याची गादी त्यालाच गुंडाळावी लागली.