चांगुणाबाय आणि चोर

रोह्याच्या बाजारात भर दुपारी एखादी बाई "चोर! ए चोर!" म्हणून ओरडली आणि एकानेही मान वळवली नाही, तर नवख्या माणसाने समजावं की चांगुणाबाय आलेली आहे. चोर हे तिच्या कुत्र्याचं नाव. पिवळसर रंगाचा, जाड मानेचा लॅब्राडोर. निडीच्या बाजूला कुणा फार्महाऊसवाल्यांनी जागा विकली आणि जाताना कुत्रा रस्त्यावर सोडून दिला. तो फिरत फिरत वरसे गावात हिच्या दारात पोचला आणि पहिल्याच दिवशी वाळत घातलेली सुकट फस्त करून अंगणात झोपला.

"नाव ठेवायला बारसं कशाला घालायला पायजे?" ती सांगायची. "त्यानं सवताच सांगितलं, कोन हाय त्ये."

मी इथल्या एका सरकारी कचेरीत कारकून आहे. निराधारांच्या पेन्शनचं टेबल माझ्याकडे आहे. पेन्शन चालू ठेवायची तर वर्षातून एकदा स्वतः येऊन आपण हयात असल्याचा अंगठा द्यावा लागतो. चांगुणाबाय दर वर्षी यायची आणि दर वर्षी आमचा तोच वाद व्हायचा.

"जिती हाय म्हनून त तुझ्यासमोर हुबी हाय ना गो मॅडम?"

"मला दिसतंय बाई, मशीनला कळायला हवं."

"मंग मशीनलाच घाल पेन्शन."

तिचं माहेर पेणजवळच्या खाडीकाठचं. लहानपणापासून लग्नापर्यंत आणि लग्नानंतरही काही वर्षं ती मिठागरावर राबली. मीठ ओढून, टोपल्या वाहून तिच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या होत्या. त्यामुळे मशीन तिला ओळखायचं नाही. अंगठा पुसा, तेल लावा, पुन्हा दाबा, असं करता करता पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जायचं. तेवढा वेळ कुत्र्याचं काय करायचं हा तिचा खरा प्रश्न होता, कारण दारावर पाटी होती: प्राण्यांना प्रवेश नाही.

कुत्रा बाहेर बांधण्याबाबत तिचे नियम पक्के होते. दुकानातला रंगीत पट्टा घालायचा नाही. "पट्टा बघून किंमत करतात." गाडी येऊन थांबते तिथे बांधायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खांबाला बांधायचा नाही. "खांबाला डोळं नसतात गो. मानसाला बांधायचा." ती हे जवळजवळ शब्दशः करायची. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे एक काका बसतात. ती त्यांच्या खुर्चीच्या पायाला दोरी बांधायची आणि दम द्यायची, "मी येईपरत उठलास त बघ." काका लघवीलासुद्धा जायचे नाहीत.

शिवाय नावाचा भरवसा होताच. "उद्या कोनी उचलला त मी नुसतं नाव घ्यायचं. आख्खा बाजार धावंल." मला हा हिशेब बिनतोड वाटला होता.

दोन वर्षांपूर्वी ती आली त्या दिवशी काका भाच्याच्या लग्नाला गेले होते. खुर्ची रिकामी. ती दोरी हातात धरून दारातच उभी राहिली.

"काका नाय. मी उद्या येते."

त्या दिवशी माझ्यापुढे मोठी रांग होती आणि मला यादी संपवायची होती. मी म्हटलं, "उद्या कशाला? व्हरांड्याच्या खांबाला बांधा. पाच मिनिटांत सोडते. एवढ्या वर्दळीत कोण नेतंय कुत्रा?"

मग तिने बांधला.

पाच मिनिटांची पंचवीस झाली. मशीनने काही तिला ओळखलं नाही. ती बाहेर गेली आणि लगेच तिचा आवाज आला, "चोर! चोर! चोर!"

कुणीही जागचं हललं नाही. फळवाला फळं तोलत राहिला. रिक्षावाला हसून म्हणाला, "असंल गो बाय मागल्या अंगाला. कुठं जातोय?" ती जीव तोडून ओरडत होती आणि इतक्या वर्षांच्या सवयीने अख्खा बाजार समजत होता की म्हातारी कुत्र्याला हाका मारतेय. खांबाला दोरीचा वीतभर तुकडा लोंबत होता. टोक सरळ कापलेलं.

ती परत आत आली, थेट माझ्या टेबलापाशी. डोळ्यात पाण्याचा टिपूस नव्हता.

"तू बांधायला लावलंस. आता ऊठ."

मी उठले. रांगेतल्या लोकांना काय सांगितलं ते आठवत नाही. बाहेर चहावाल्याने सांगितलं की पांढऱ्या मोठ्या गाडीत कुणीतरी कुत्रा चढवला, गाडी कोलाडच्या दिशेने गेली. त्याला वाटलं ओळखीचेच असतील. मी स्कूटी काढली, तिला मागे बसवलं. ती आयुष्यात पहिल्यांदा स्कूटीवर बसत होती आणि माझी कंबर सोडून माझे केस धरून बसली होती.

गाडी आम्हाला वाटेवरच्या धाटावला सापडली, कारण तिथल्या कारखान्यांची तीनची शिफ्ट सुटली होती. कंपन्यांच्या बसेस, दुचाक्या, सायकली, सगळा रस्ता गच्च. पांढरी गाडी मध्ये अडकलेली आणि मागच्या काचेला पिवळं तोंड लागलेलं. मी स्कूटी थांबवायच्या आत चांगुणाबाय उतरली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिने हाळी दिली, "चोर! चोर!"

धाटावच्या शिफ्टवाल्यांना तिचा कुत्रा माहीत नव्हता. त्यांनी ऐकलं तो अर्थ सरळ होता. चाळीसेक दुचाक्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. "कुठंय?" "कोण तो?" "धरा रे!" गाडीभोवती रिंगण पडलं आणि आत कुत्रा नाव ऐकून काचेवर उड्या मारू लागला.

काळा चष्मा लावलेला एक सभ्य गृहस्थ खाली उतरला. मागे बायको, मांडीवर कुत्र्यासाठी पसरलेला टॉवेल.

"मावशी, गैरसमज होतोय. हा मोकाट होता. इतका चांगला कुत्रा कुणी असा उन्हात दोरीने बांधतं का? आम्ही त्याला वाचवतोय."

"वाचवतंस? कोनापासून? माज्यापासून?"

"अहो, मोकाटच वाटला."

"मोकाट कुत्र्याच्या गल्यात कापलेली दोरी कशी रं? कुत्रा काय इळा घेऊन फिरतो?"

रिंगणात हशा पिकला. गृहस्थाने चष्मा काढला. "हे बघा, हा जातिवंत आहे. तुमच्याकडे पेपर आहेत का याचे?"

"माज्या पोरींचं पन पेपर नायत. त्यानला पन घेऊन जा!"

यानंतर त्याने दार उघडलं. उघडावंच लागलं. कुत्रा उतरला आणि तिच्या पायात येऊन बसला. तिने कापलेली दोरी मनगटाला दोन वेढे घेऊन गुंडाळली आणि गाडीकडे न बघता माझ्या स्कूटीपाशी आली. तिघं कशी बसणार? शेवटी ती वरशापर्यंत कुत्र्यासोबत चालत गेली. मी स्कूटी ढकलत बरोबर चालले. वाटेत मी माफी मागितली नाही. माफीने तिचा अंगठा उमटणार नव्हता.

तो उमटायचा राहिलाच होता. दुसऱ्या दिवशी ती परत आली, कुत्र्यासकट, आणि शिपायाने पाटी दाखवल्यावर पायरीवर बसली.

"येनार त दोगं येनार. नायतर मशीन भायेर आन."

साहेबांनी आतून सांगितलं की नियम म्हणजे नियम. मी लॅपटॉप उचलला, मशीन उचललं, लांब वायर ओढली आणि व्हरांड्यात बसून तिचं काम केलं. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी, सगळं नापास. शेवटी डाव्या हाताची अनामिका मशीनने मान्य केली. चांगुणाबाय त्या बोटाकडे बघून म्हणाली, "बघ, एक बोट जितं निघालं."

चार दिवसांनी मला खुलासा मागणारं पत्र मिळालं: शासकीय यंत्र कार्यालयाबाहेर का नेले? मी उत्तर लिहिलं. अर्जदार वृद्ध असून तिचा कुत्रा या कार्यालयाच्या आवारातून, माझ्या सांगण्यावरून बांधलेला असताना, चोरीस गेला होता. यापुढे तिने तो बाहेर बांधावा असे कार्यालयाचे म्हणणे असल्यास त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोण घेणार, ते लेखी कळवावे. माझ्या प्रतीवर कचेरीचा आवक शिक्का मारून घेतला. लेखी काहीच आलं नाही. जबाबदारी कुणी घेणारही नव्हतं.

चांगुणाबायला हे कळलं तेव्हा तिने माझ्या उत्तराची झेरॉक्स मागून घेतली. आधार कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत ती घालून ठेवली. आता ती रेशन दुकानात, दवाखान्यात, एसटीत, कुठेही कुत्र्यासकट शिरते. कुणी हटकलं की पिशवीतून कागद काढून समोर आपटते, "सरकारचा कागद हाय." परवा कंडक्टरने तो उलटसुलट बघितला आणि मुकाट्याने मागची सीट दाखवली.

मी तिला एकदा स्पष्ट सांगितलं की त्या कागदात परवानगीचा एक शब्दही नाही, तो माझा खुलासा आहे, बाकी काही नाही.

"म्हायती हाय मना," ती म्हणाली. "वाचतो कोन गो? शिक्का बघतात."