खिडकीतला डाग

इतरांनी फाडलेली पुस्तके जोडण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. शहरातील मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात, जेथे दिवसाही दिवा लावावा लागे, तेथील दुरुस्ती विभागात त्यांनी नोकरी केली. सुटलेली पाने शिवावीत, खिळखिळ्या पुठ्ठ्याला नवा कणा द्यावा, पानांवरचे चहाचे, तेलाचे, मुलांच्या ओल्या बोटांचे डाग हलक्या हाताने उतरवावेत, हे त्यांचे काम. खळ ते स्वतः शिजवत; बाजारच्या डिंकावर त्यांचा काडीइतकाही विश्वास नव्हता. निवृत्तीनंतरही घरच्या टेबलावर घडी घालायची हाडाची पट्टी, मऊ ब्रश आणि खोडरबर एका ओळीत असत, आणि त्यांतले एखादे कुणी तिरके ठेवले तर ते सरळ केल्याखेरीज त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

अशा माणसाला निवृत्ती म्हणजे शिक्षाच. मुलगा परगावी नोकरीला जाताना आपला जुना संगणक आणि स्कॅनर मागे ठेवून गेला, आणि त्या संगणकावर त्यांना एक समूह सापडला. जुन्या बालपुस्तकांतील चित्रांवर जीव असणारी माणसे त्यात होती. गावोगावची, एकमेकांना कधी न भेटलेली. समूह चालवत होत्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना सारे ‘बाई’ म्हणत, आणि शुभसकाळचे संदेश टाकणाऱ्याचा कान धरून त्या त्याला बाहेर काढत. दर रविवारी एक चित्र. त्याखाली प्रत्येकाने एवढेच लिहायचे की आपली पहिली नजर कशावर पडली. कुणी लिही, ‘सशाच्या कोटाचे बटण’. कुणी लिही, ‘किटलीची वाफ’. वाद नाही, विद्वत्ता नाही. औषधांचे दुकान चालवणारे एक गृहस्थ होते, त्यांना ‘गोळीवाले’ म्हणत. जहाजावर इंजिनियर म्हणून जग हिंडून आलेले दुसरे, ते ‘बोटवाले’.

समूहाचा आणखी एक रिवाज होता. कोणतेही चित्र सर्वांपुढे येण्यापूर्वी आमच्या या दुरुस्तीकारांकडे येई. ते संगणकावर त्याचे डाग पुसत. शेजारच्या कोऱ्या कागदाचा रंग उचलून डागावर असा बसवत की डाग होता हे सांगूनही कुणाला खरे वाटू नये. त्यामुळे त्यांना नाव पडले डागकाका. हे नाव त्यांना ग्रंथालयाने निरोपाला दिलेल्या शालीपेक्षा अधिक उबदार वाटे.

घरात ते आणि त्यांच्या थोरल्या बहिणीखेरीज कुणी नव्हते. ताई यजमान गेल्यापासून भावाकडेच राहत. उमेदीत त्यांनी दवाखान्यात पडदे आणि चादरी शिवल्या होत्या. अजूनही टाका पाहून कापड किती दिवस टिकेल ते सांगत. बोलणे मोजके, पण वर्मी बसणारे. अलीकडे मात्र त्यांचे काही विचित्र सुरू झाले होते. भाऊ दुपारी आडवा झाला की त्या उठून बाहेरच्या दाराची कडी काढत, दार किलकिले करत, आणि खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसत. डागकाकांनी विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या की ती आली तर दारात ताटकळत का राहील.

ती कोण, हे डागकाकांना ठाऊक होते. दोघांच्या लहानपणी घरात चित्रांचे एकच पुस्तक होते. मुखपृष्ठ केव्हाच गळून पडलेले. त्यामुळे त्याचे नावही कुणाला माहीत नव्हते. त्यात तळ्याकाठच्या एका घराचे चित्र होते. ताई जन्मभर सांगत आल्या होत्या की त्या घराच्या वरच्या खिडकीत एक मुलगी हात उंचावून उभी होती. डागकाकांना ते चित्र कौलाकौलानिशी आठवत होते, आणि त्यांच्या आठवणीतली खिडकी रिकामी होती. त्यावरून दोघांची लहानपणी हातघाईही झाली होती. पुढे घर बदलताना पुस्तक हरवले आणि वाद तसाच राहिला.

उघड्या दाराची गोष्ट मुलाच्या कानावर गेली ती वीजमीटर पाहणाऱ्या माणसामुळे. तो एका दुपारी सरळ स्वयंपाकघरापर्यंत आत आला, आणि आत्याने त्याला आपादमस्तक न्याहाळून ‘तू नव्हेस’ म्हणून परत पाठवले. मुलगा फोनवर आधी हसला, मग हसायचा थांबला. त्याने एक चांगली निवासी संस्था पाहून ठेवली होती; रजा मिळताच येऊन आत्याला तेथे पोचवायचे त्याने ठरवून टाकले. “बाबा, आत्याला जे दिसतंय ते नाहीये. आज दार उघडं टाकते, उद्या त्याच दारातून निघून जाईल. तेव्हा काय कराल?”

डागकाकांनी फोन ठेवला. बहिणीवाचून हे घर कसे असेल याची कल्पना त्यांनी एकदा करून पाहिली आणि लगेच टेबलावरची पट्टी सरळ केली. मग त्यांना एकच मार्ग सुचला. ते चित्र शोधायचे. त्यात मुलगी निघाली, तर ताईंची आठवण शाबूत आहे हे मुलाला दाखवता येईल. न निघाली तर मुलाचे म्हणणे मान्य करायचे. त्यांनी समूहावर चित्राचे साग्रसंगीत वर्णन लिहिले आणि मदत मागितली. कशासाठी, तेही लपवले नाही.

समूह कामाला लागला. सर्वांत आधी पुस्तक मिळाले ते बाईंना, त्यांच्याच माळ्यावरच्या पेटीत. रिवाजाप्रमाणे त्यांनी चित्र प्रथम डागकाकांकडे पाठवले. तेच तळे, तेच घर, कुंपणाचे तेच बंद फाटक. डागकाकांनी ते नेहमीसारखे स्वच्छ केले. कोपऱ्यातली बुरशी काढली, वरच्या खिडकीच्या काचेवर ओल्या अंगठ्यासारखा एक तपकिरी डाग होता तो पुसला, आणि चित्र समूहावर ठेवले. खिडकी रिकामी होती. कुणाची पहिली नजर बदकावर पडली, कुणाची धुराड्यावर. खिडकीचे नाव कुणी काढले नाही. म्हणजे लहानपणापासून डागकाकांचेच खरे होते. पण या विजयाचा अर्थ ताईंची बॅग भरणे असा होता.

त्यांनी ताईंना बोलावून चित्र दाखवले. ताईंनी चष्मा पुसला, चित्राजवळ चेहरा नेला, बराच वेळ पाहिले, आणि भावाकडे वळून म्हणाल्या, “पुसलंस तू तिला.”

“ताई, तो डाग होता.”

“तुला सगळंच डाग दिसतं रे. सवय आहे तुझ्या हाताला.”

त्यांनी ते हसण्यावारी नेले. पुढे गोळीवाल्यांना एक प्रत मिळाली, त्यामागून बोटवाल्यांना एक. तीही चित्रे त्यांनी साफ केली. पण तिसऱ्या चित्रावर काम करता करता त्यांचा हात थबकला, कारण पायरीवरचा एक तपकिरी डाग पुसून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले की तो पुसण्यापूर्वी आपण त्याच्याकडे पाहिलेच नव्हते. हात आपल्या वळणाने गेला होता आणि डोळा मागे राहिला होता.

आलेले मूळ चित्र न बदलता वेगळे जपून ठेवण्याची त्यांना शिस्त होती. त्यांनी तिन्ही मूळ चित्रे उघडली, शेजारी शेजारी लावली आणि मोठी केली. बाईंच्या चित्रात डाग वरच्या खिडकीत होता. गोळीवाल्यांच्या चित्रात तो जिन्याच्या खिडकीत होता, किंचित मोठा. बोटवाल्यांच्या चित्रात बाहेरच्या पायरीवर, आणखी मोठा. आणि तो डाग नव्हता. दोन वेण्या होत्या, फ्रॉकचा घेर होता, उंचावलेला हात होता. चेहऱ्याच्या जागी मात्र काहीच काढलेले नव्हते. फक्त कोरा कागद. बाहेर टळटळीत ऊन होते, तरी त्यांनी उठून पंखा बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही मूळ चित्रे समूहावर ठेवली आणि आपली चूक स्पष्ट शब्दांत सांगितली.  बाईंनी उलगडा केला. अशा स्वस्त पुस्तकांत रेघा तेवढ्या छापलेल्या असत आणि रंग कारखान्यातल्या बाया हाताने भरत. त्यांतल्याच एखादीने गंमत म्हणून प्रत्येक प्रतीत वेगळ्या जागी एक मुलगी रंगवली असेल, दुसरे काय. सर्वांचा जीव भांड्यात पडला. बोटवाल्यांनी लिहिले की बाईंच्या वर्गात भुतालाही हात वर करून हजेरी द्यावी लागली असती, आणि ही मुलगी बहुधा तेच करते आहे. पुष्कळ हशा झाला. डागकाकाही हसले. मुलीचा डाग प्रत्येक नव्या प्रतीत मोठाच कसा होत गेला, हे त्यांनी विचारले नाही.

मुलगा ठरल्याप्रमाणे आला. आत्याची बॅग भरायला घ्यायच्या आधी बापाने त्याला संगणकापुढे बसवले आणि सारी हकीकत सांगितली. त्याने तिन्ही चित्रे एकेक करून मोठी करून पाहिली.

“म्हणजे आत्या खरं सांगत होती.”

“हो. आठवण माझी कच्ची निघाली.”

“पण तुमच्या घरातही तेच पुस्तक होतं ना? मग तुम्हाला का नाही दिसली?”

याचे उत्तर आतून आले. ताई उशीचा अभ्रा शिवत बसल्या होत्या, मान वर न करता त्या म्हणाल्या, “मी थोरली. पुस्तक आधी मी पाहिलं. हा पाहायला लागेपर्यंत ती खिडकीतून निघाली होती.”

मुलाने बापाकडे पाहिले, बापाने खिडकीबाहेर. शेवटी ठरले असे की आत्याने येथेच राहावे. मात्र बाहेरचे दार दुपारी बंद असलेच पाहिजे. एकदा जरी उघडे सापडले, तरी पुढे चर्चा नाही. डागकाकांनी शब्द दिला. कडी आता त्यांच्या हाती होती, आणि त्यांनी लावलेली कडी ताईंनी एकदाही काढली नाही. त्या फक्त दाराकडे तोंड करून बसत.

बहिणीवर आपण केलेल्या अन्यायाची भरपाई म्हणून डागकाकांनी ठरवले की ते चित्र मोठे छापून तिच्या खोलीत लावायचे. त्यासाठी त्यांनी तिघांनाही पुन्हा, अधिक बारकाईने स्कॅन करून पाठवायला सांगितले. ‘डाग असू द्यावेत’, असे बजावले.

बाईंचे चित्र आले. वरची खिडकी रिकामी होती. आपण काही चुकीचे उघडले असे वाटून त्यांनी तपासले. कोपऱ्यातली बुरशी जशीच्या तशी होती, म्हणजे चित्र मूळच होते. त्यांनी बाईंना विचारले. बाईंनी थोडे नाराज होऊनच कळवले की पुस्तक कपाटातून काढले आणि पाठवले, पुसणे हे काम समूहात एकाच माणसाचे आहे. परंतु डागकाकांनी पुसले होते ते संगणकावर. बाईंच्या कपाटातल्या कागदाला त्यांचा हात कसा लागणार? गोळीवाल्यांचे चित्र आले. जिन्याची खिडकी रिकामी. बोटवाल्यांचे आले. पायरी रिकामी.

कागदावरचा डाग गेला तरी त्याची कड राहते, हे त्यांना जन्मभराच्या कामाने शिकवले होते. कितीही सफाईने उतरवा, भिंगाखाली कडेची फिकट रेघ दिसतेच. त्यांनी तिन्ही जागा शक्य तितक्या मोठ्या करून पाहिल्या. कड नव्हती. कागदाचा तंतूही हललेला नव्हता. जे होते ते कुणी काढले नव्हते. ते गेले होते.

काहीच न लिहिता त्यांनी बोटवाल्यांचे चित्र रविवारच्या जागी ठेवले. उत्तरे एकामागून एक येऊ लागली. समूहात दोघांची पहिली नजर एका जागी पडणे दुर्मीळ. त्या दिवशी सर्वांनी एकच शब्द लिहिला. ‘फाटक’. मग त्यांनीही पाहिले. कुंपणाचे फाटक अर्धे उघडे होते. बाईंनी त्यांना वेगळे कळवले की पुस्तक त्यांनी पुन्हा पेटीत घालून पेटीला कुलूप लावले आहे, आणि कारण विचारू नये.

दुपार झाली. जेवणे आटोपली. ताईंनी केस विंचरले, धुतलेले पातळ नेसले, आणि दारासमोरच्या खुर्चीत मांडीवर हात घेऊन बसल्या. शेजारी त्यांनी एक रिकामे स्टूल ओढून ठेवले होते. डागकाका नित्याप्रमाणे दारापाशी गेले आणि त्यांनी कडीला हात घातला.

“लाव,” ताई मागून म्हणाल्या. “तू शब्द दिलायस. मी काही म्हणणार नाही.”

त्यांचा हात कडीवरच राहिला.

“फक्त एवढंच, की एकदा तू तिला पुसलंयस. एवढं चालून आल्यावर पुन्हा बाहेर ठेवायची असेल तर ठेव.”

मुलाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. बाहेर रस्ता ओस होता; समोरच्या घराचे पडदे ओढलेले होते. त्यांनी आजवर कुठलेही काम अर्धवट सोडले नव्हते आणि दिलेला शब्द कधी मोडला नव्हता. हातातली कडी गार होती. आणि दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, काहीच आवाज येत नव्हता; जसा कुणी श्वास रोखून उभे असल्यावर येत नाही, तसा.

त्यांनी कडी सोडली. दार वीतभर उघडले. मग वाकून, उंबऱ्यापाशी तिरके झालेले पायपुसणे दोन्ही हातांनी सरळ केले, आणि ताईंच्या पलीकडे, स्टूल मोकळे ठेवून, भिंतीला टेकून बसले.